धार मोडायची नाही

"उद्या सोमवार आहे वहिनी, म्हणून तर पाहुण्यांना उद्याच बोलवलंय," असं म्हणून रंगराव भावजींनी बशीतला चहा एका घोटात संपवला.

मी वाती वळत बसले होते. माझा हात थांबला. सोमवारी अंघोळ झाल्यापासून सांजवात लागेपर्यंत मी बोलत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. आमचे हे तर चारचौघांत म्हणायचे, "लोकांना आठवड्याची सुट्टी रविवारी मिळते, मला सोमवारी." लग्नानंतर धरलेलं ते व्रत. बाळंतपणात नाही मोडलं, सासूबाई गेल्या त्या दिवशीही नाही.

"पाण्याच्या महिला समितीची अध्यक्ष मी," मी म्हटलं. "पाहुणे मलाच विचारणार. आणि मी मुकी!"

"तेच तर सांगतोय. तुमाला कशाला त्रास? ती गोरी बाई विचारंल, वरच्या वाड्यात पाणी येतं का? तुमी नुस्ती मान हलवायची. झालं."

"आणि येतं का पाणी?"

भावजींनी बशी खाली ठेवली. मी या घरात आले तेव्हा भावजी चड्डीत होते. डोक्याला तेल घालताना पळायचे, तेव्हा मी त्यांना दोन गुडघ्यांत धरून ठेवायची. आता गावचे सरपंच. पण खोटं बोलायच्या आधी कानाची पाळी ओढायची सवय तीच.

"येईल," ते पाळी ओढत म्हणाले. "पुढच्या टप्प्यात पंप बसवू. पण पुढचा टप्पा मिळायला हा टप्पा पास व्हायला पाहिजे ना? त्या परदेशातल्या बँकेची अट तुमाला म्हाईत हाय. एक जरी वाडी कोरडी राहिली, तर पैसा थांबला. मग खालच्या आळीत घरोघरी नळ येणार होते, तेबी गेले. एका धनगरवाड्यापायी साऱ्या गावानं बसायचं का बोंबलत?"

मी काही बोलले नाही. अजून रविवारच होता, तरीही.

धनगरवाडा कोरडा का राहिला ते सांगते. आमचं गाव डोंगराच्या पोटात. गावाच्या वर जुगाईचं देऊळ. देवळाच्याही वर, पठाराच्या कडेला गवळी धनगरांची घरं. कुडाची, ठेंगणी. दूध-लोणी घेऊन ती माणसं रोज खाली येतात. योजना आली तेव्हा बँकेच्या माणसांनी टाकीची खूण पठारावर केली होती. तिथून पाणी आपल्या पायानं सगळीकडे उतरलं असतं. पण जुगाईच्या कळसाहून उंच काही बांधायचं नाही, ही आमच्या गावची रीत. पैसेवाल्यांच्या घरालासुद्धा माडी नाही. ग्रामसभेत कुणीतरी उठून म्हणालं, "देवीच्या डोक्यावर टाकी?" सगळ्यांच्या अंगावर काटा आला. भावजींच्या तर सगळ्यांत आधी. टाकी देवळाच्या खाली आली. गावाला पाणी मिळालं. धनगरवाड्यात नळ बसला, त्याला पिवळी चावी बसली, आणि पाणी काही डोंगर चढेना.

भावजी निघता निघता उंबऱ्यात थांबले.

"जलपूजन तुमच्याच हातानं करू. वरच्या नळावर. पहिला कलश देवीला. बाईमाणसांना असलं बघायला आवडतं. परदेशी झाली तरी बाईच ती."

"नळ कोरडा आहे, भावजी."

"उद्या नसंल," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले.

*

दिवेलागणीच्या आधी ठकू दूध घेऊन आली. ठकूबाई यमकर, वरच्या वाड्यातली. माझ्याच वयाची, पण डोंगर चढून उतरून पायांच्या काटक्या झालेल्या. ती पायरीवर बसायची, आत कधी यायची नाही. मी कितीदा म्हटलं, तर म्हणायची, "राहू द्या आक्का, आत आलं की उठू वाटत न्हाई."

त्या दिवशी तिनं दूध मापात ओतलं आणि चरवी उचलायची सोडून तशीच बसली.

"काय गं?"

"आक्का, एक सांगतो. पर माझं नाव घेयाचं न्हाई."

"नाही घेणार."

"आमच्या गोठ्यामागं निळी पिंपं आणून ठेवल्यात. माच बांधून, उंचावर. ट्रॅक्टरनं पाणी आणलं देवळापातूर, तिथनं आमच्या पोरास्नीच डोक्यावर वाहाय लावलं. पिंपाला नळी जोडून ती जमिनीतनं नळाला न्हेली. वरनं गवत टाकलंय." ती कडू हसली. "माझ्या सुनंला आठवा म्हैना हाय. रोज झऱ्यावर जाती. काल ती त्या पिंपाकडं बघतच राहिली. म्हणाली, आत्या, आपल्या दारात येवढं पाणी आन हात लावायचा न्हाई?"

"कुणी सांगितलं हात लावायचा नाही?"

"सरपंचांनी. म्हणालं, पाव्हणं येस्तवर थेंब सांडला तर बघा. आन पाव्हण्यांपुढं कुणी तोंड उघडलं, तर वाड्याचं दूध गावात कुणी घेणार न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी पन काय बोलू नगा आक्का. बोललासा, तर कुणी सांगितलं म्हणून पयलं मलाच धरत्यात. तुमच्याकडं दूध घालणारी मीच की."

मी आत गेले. देवापुढं उभी राहिले. मला वाटलं होतं की व्रत मोडायचं की ठेवायचं, एवढाच प्रश्न आहे. व्रत मोडून बोलावं, देवीची क्षमा मागावी, ती आई आहे. पण आता बोलले असते तर व्रत माझं मोडलं असतं आणि पोट ठकूचं. आणि नुसती मान हलवली असती, तर? मौनात मान हलवणं म्हणजे बोलणंच की. तेही खोटं.

बाहेर आले तेव्हा ठकू उठून उभी होती.

"उद्या तुम्हाला भांडी आणायला सांगितलीत का?" मी विचारलं.

"दोन हंडं म्हणालेत. फोटूपुरतं."

"दोन नको. घरटी एक हंडा, एक कळशी. सगळ्या घरांनी आणायची. चिंच लावून घासून."

"येवढी कशाला?"

"नवं पाणी आहे ना? मग रीत नको का?"

ठकू माझ्याकडं बघत राहिली. मग चरवी काखेत मारून निघाली आणि अंगणाच्या टोकाला गेल्यावर एकदा मागं वळून बघितलं.

*

सोमवारी ऊन लवकर तापलं. फाल्गुन संपत आला होता. जुगाईच्या देवळामागं एक कुंड आहे. त्यात तळाशी घोट्याएवढं पाणी उरलं होतं. तेच तांब्यानं अंगावर घेतलं आणि ओलेत्यानं वर चढले. हातात तांब्याचा रिकामा कलश. पहिली धार देवीच्या अंगावर पडेपर्यंत मला कुणी शिवायचं नव्हतं. वाट सोडून लोक बाजूला होत होते. मागून जिवबा गुरव घंटी वाजवत, "सरा, सरा, वहिनी सोवळ्यात हायत," म्हणत येत होता. जिवबा देवीचा पुजारी, दम्याचा जुना दोस्त. चार पावलं चढला की एक श्वास उसना घ्यायचा.

पाहुण्यांची जीप देवळापर्यंत आली. तिथून ती मंडळी चालत आली. परदेशी मॅडम उंच, केस पिकलेले, पायात चिखलानं माखलेले जुने बूट. बरोबर पुण्याची एक मुलगी, ऋता म्हणून, दुभाषी. तिनं मला वाकून नमस्कार करायला हात पुढं केला, तर जिवबा किंचाळला, "हां हां, ताई! शिवू नका!"

"त्यांचं व्रत आहे," भावजी लगबगीनं पुढं झाले. "आज मौन असतंय त्यांचं. लई कडक. आमच्या गावाचं भूषण! पण सगळं समजतं त्यांना. तुमी विचारा, त्या मान हलवतील."

ऋतानं ते मॅडमना सांगितलं. मॅडमनी माझ्याकडं बघून छातीवर हात ठेवला. मग नळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि काहीतरी विचारलं.

"मॅडम विचारतायत," ऋता म्हणाली, "या नळाला रोज पाणी येतं का?"

सगळे थांबले. धनगरवाड्याच्या बाया गोठ्याच्या सावलीत बसल्या होत्या, त्यांच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. भावजी माझ्याकडं बघत होते आणि बघता बघता स्वतःच मान हलवत होते. लहान मुलाला घास भरवताना आईचंच तोंड उघडतं ना, तसे.

मी मान हलवली नाही. नळापुढं बसले. कलशाला हळदीकुंकू लावलं, नळाला लावलं, फूल वाहिलं आणि चावी सोडली.

पाणी आलं. चांगलं करंगळीएवढं. बायांच्यातून हुंकार उठला. ठकूची सून पोटावर हात ठेवून उभी होती, ती एकदम पुढं झाली आणि सासूनं मागं ओढली. कलश भरला. मी तो काठोकाठ भरू दिला, उचलून डाव्या कुशीशी घेतला, आणि उजवा हात चावीवर तसाच ठेवला. चावी बंद केली नाही. मान वळवून ठकूकडं बघितलं.

ठकू उठली. तिनं हंडा आणून धारेखाली लावला.

"झालं, झालं!" भावजी म्हणाले. "चला आता, खाली देवीला कलश घालू. बंद करा वहिनी नळ. पाणी वाया जातंय."

मी हात काढला नाही. ठकूचा हंडा भरला. तिनं तो ओढला तेव्हा दुसरीनं आपला सरकवला. मधे थेंब जमिनीवर पडू दिला नाही. मग तिसरी. गोठ्याच्या मागून, कुडाच्या आडून बाया येत होत्या. हंडा, कळशी, हंडा, कळशी, रांग पार आंब्याच्या झाडापर्यंत लागली. सगळी भांडी घासून लखलखीत.

"हे काय चाललंय?" भावजी जिवबाच्या कानाशी पुटपुटले.

जिवबाचा चेहरा तर उजळला होता. गेल्या कित्येक वर्षांत गावात नवी विहीर खणली नव्हती. "अगं आयाई, वहिनींनी जुनी रीत काढली की!" तो ऋताकडं वळला. "लिवून घ्या ताई. आमच्यात नवं पाणी लागलं, की पहिली धार देवीला. मग घरटी भांडं. शेवटच्या घराचं भांडं भरंस्तवर धार मोडायची न्हाई. मधेच मोडली तर पाणी आटतंय. माझ्या बापानं सांगितलंय, विहिरीचा दोर दिवसभर ओढत होती माणसं, हाताची सालटी निघाली, पर दोर थांबवला न्हाई."

ऋता सांगत गेली तसतशा मॅडम हसत गेल्या. त्यांनी बूट काढले, ओट्यावर बसल्या, आणि हातानं खूण केली, चालू द्या. वाड्यातल्या कुणीतरी त्यांच्या हातात ताकाचा पेला दिला.

"मॅडम म्हणतायत, किती सुंदर पद्धत आहे! शेवटपर्यंत थांबायचंय त्यांना."

"शेवटपर्यंत?" भावजींनी रांगेकडं बघितलं. मग गोठ्याकडं. फेट्याखालून घाम उतरायला लागला होता. मला त्यांची दया आली, खोटं कशाला सांगू? आजाऱ्याला काढा पाजताना येते तशी आली. पण हात चावीवरच होता. ओलं लुगडं अंगावर सुकत आलं होतं. मनात माझं नाम चालू होतं, आणि नामाखाली दुसरंच काही. पिंपं संपली नाहीत तर? चार भांड्यांपुरतं पाणी जास्त असलं तर? मग मॅडम उठतील, टाळ्या वाजवतील, जीपमध्ये बसतील. आणि मी या पाण्याला कुंकू लावलेलं असेल.

भावजी माझ्याजवळ आले. खाली वाकले. आवाज फक्त मला ऐकू येईल एवढा.

"वहिनी, पाया पडतो. बंद करा. गावाचं वाटोळं करू नका."

मी त्यांच्याकडं बघितलं. मग त्यांनी हात पुढं केला. चावीपाशी आला. माझ्या बोटांपासून वीतभर.

"सरपंच!" जिवबा ओरडला. "शिवू नका! सोवळ्यात हायत! देवीचा कलश हाय हातात!"

हात हवेतच राहिला. मागं गेला. भावजींनी आजूबाजूला बघितलं.

"ए ठकू. तू कर गं बंद चावी."

ठकू भरलेल्या हंड्यापाशी बसली होती. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला.

"आमचा हात कसा चालंल जी, देवीच्या धारंला?" ती गरिबासारखी म्हणाली. "आमी पायरीवरची मानसं."

रांगेतल्या दोघीतिघी खाली बघून हसल्या. भावजींनी ओठ चावला.

आंब्याच्या सावलीला आता थोड्याच बाया उरल्या होत्या. शेवटी भिमाई, वाड्यातली सगळ्यात म्हातारी, पोक आलेली, एक छोटी घागर छातीशी धरून उभी. धार बारीक झाली. करंगळीची दोऱ्याएवढी झाली. मॅडमनी ताकाचा पेला खाली ठेवला. नळ एकदा खोकला. दोनदा खोकला. पुढच्या बाईच्या कळशीत दोन थेंब टपटपले, आणि मग नुसती हवा फुसफुसली.

भिमाई पुढं आली. तिला कमी दिसायचं. तिनं नळाखाली घागर ठेवली आणि वाट बघत बसली.

"थांबलं काय गं?" ती म्हणाली. "का माझाच लंबर आल्यावर थांबलं?"

मॅडम उठल्या. अनवाणीच नळापाशी आल्या, वाकल्या, नळीला बोटाच्या पेरानं टकटक केलं. मग नळीचा माग काढत जमिनीकडं बघत चालत गेल्या, गोठ्याला वळसा घालून मागं. गवत बाजूला केल्याचा आवाज आला. रिकाम्या पिंपावर थाप मारल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. त्या पठाराच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या आणि खाली बघितलं. आम्हीही बघितलं. खाली जुगाईचा कळस, त्याच्या खाली टाकीचं झाकण उन्हात चमकत होतं. इतकं खाली, की दगड भिरकावला तर झाकणावर पडावा.

"मॅडम विचारतायत," ऋताचा आवाज बारीक झाला होता, "टाकी खाली का बांधली?"

भावजींनी जिवबाकडं बघितलं. जिवबा म्हणाला, "देवीच्या वर कायबी बांधत न्हाई आमी."

ऋतानं सांगितलं. मॅडमनी वाड्यावरून नजर फिरवली. कुडाची घरं, गोठे, दारात वाळत घातलेली लुगडी, भिमाई. मग एवढंच विचारलं,

"आणि ही माणसं?"

ऋतानं त्याचं मराठी केलं.

*

पाहुण्यांच्या मागून आम्ही खाली उतरलो. कलश माझ्या कुशीत होता. देवळाशी आल्यावर जिवबानं गाभाऱ्याचं दार उघडलं. "चला वहिनी. झालं ते झालं. देवीला पहिली धार घाला."

मी पायरीवर थांबले. कलशातलं पाणी ट्रॅक्टरचं होतं. गोठ्यामागून आलेलं, गवताखालून आलेलं. ते तिच्या अंगावर घालायला माझा हात होईना. भिमाई माझ्या मागून घागर घेऊन उतरली होती, अजून कुठंतरी पाणी मिळेल या आशेनं. मी वळले आणि कलश तिच्या घागरीत रिकामा केला. मग गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर तो पालथा ठेवला.

"पालथा?" जिवबाचा श्वास अडकला. "वहिनी, देवीपुढं पालथा कलश?"

मी हात जोडले आणि घरी आले.

संध्याकाळी तुळशीपुढं दिवा लावला, नमस्कार केला. वळून बघते तो भावजी पायरीवर बसलेले. ठकू बसायची तिथंच. फेटा मांडीवर.

"लागली सांजवात," ते म्हणाले. "आता बोला."

"जेवलात का?"

"वहिनी, चेष्टा करू नका. पाहुण्यांनी सगळं थांबवलंय. वरच्या नळाला खरं पाणी येईस्तवर पुढचं काही नाही. गाव माझ्या नावानं शिव्या घालतंय. आणि दोष तरी कुणाला देऊ? धनगरांतलं एक माणूस बोललं नाही. तुमी बोलला नाहीत." त्यांचा आवाज चिरकला. "ठरवून केलंत ना?"

"मी धार ठेवली, भावजी. संपली ती तुमची पिंपं."

"मी वाईट माणूस आहे का? मला काय धनगरांचं वैर आहे? मी देवीला भितो. टाकी वर नेली आणि उद्या गावात काही वाईट घडलं, तर लोक म्हणतील, रंगरावानं देवीच्या डोक्यावर पाय दिला."

"भिता ना? मग ऐका. नव्या पाण्याची पहिली धार देवीला म्हणून आपण नळाला कुंकू लावलं. तिला कबूल केलं. वरच्या नळाचं पाणी तिला अजून मिळालेलं नाही. ते देणं आहे तिचं. कलश मी पालथा ठेवलाय. ज्याला सरळ करायचा असेल, त्यानं ते देणं फेडून करावा."

भावजींचा हात कानाच्या पाळीकडं गेला आणि तसाच खाली आला.

"जेवायला वाढते," मी म्हटलं.

"नको," ते म्हणाले. पण उठले नाहीत. मी ताट आणलं, ते जेवले.

*

पुढचं वर्ष सोपं गेलं नाही. गावानं माझ्याशी मौन धरलं. हळदीकुंकवाचं बोलावणं येईना, पाणवठ्यावर बाया पाठ फिरवायच्या. ठकूचं दूध सगळ्यांनी बंद केलं, तसं मी सगळंच घ्यायला लागले. घरात इतकं तूप झालं की हे म्हणायचे, "देवीला आता तेलाचा दिवा आठवतोय का बघ." ठकूच्या सुनेला मुलगी झाली. सून पाचवीच्या दिवशीच झऱ्यावर पाण्याला गेली, हे मला कळलं तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

जुगाईच्या उंबऱ्यावर कलश पालथाच होता. पुजेला येणारा प्रत्येक माणूस त्याला चुकवून पाय टाकायचा. कुणाचं वासरू मेलं, तर कलशाकडं बघायचं. कुणाला ताप आला, तर कलशाकडं बघायचं. शेवटी पावसाळ्यानंतर ग्रामसभेत गावानंच म्हटलं, देवीला कौल लावा.

जिवबानं देवीच्या दोन्ही खांद्यांना एकेक कळी चिकटवली. उजवी पडली तर टाकी वर न्यायची, डावी पडली तर नाही. सगळं गाव मंडपात. बायका एका बाजूला, मी सगळ्यात मागं. धनगरवाडा पायरीच्या खाली. भावजी देवीसमोर फेटा काढून उभे. समईची वात हलत होती. कुणी खोकलं तरी लोक त्याच्याकडं रागानं बघायचे. कितीतरी वेळ दोन्ही कळ्या जागच्या हलल्या नाहीत.

मग उजवी कळी निसटली आणि देवीच्या पायावर पडली.

गर्दी ओरडली, घंटा वाजल्या, आणि मी जिवबाकडं बघितलं. डावी कळी त्यानं जरा जास्तच ओल्या गंधात बुडवून लावली होती, असं मला वाटलं. मी ते कुणाला कधी सांगितलं नाही. देवीला तरी हात कुणाचे ना कुणाचे लागतातच.

टाकी पठारावर गेली. धनगरवाड्याच्या शेजारी उभी राहिली. पहिलं पाणी सोडायचा दिवस भावजींनीच ठरवला. सोमवार.

त्या दिवशी त्यांनी स्वतः पालथा कलश उंबऱ्यावरून उचलला, धुतला आणि माझ्यापुढं, अंतर राखून, जमिनीवर ठेवला. मी तो वरच्या नळाखाली भरला. मॅडम आल्या नव्हत्या, ऋता आली होती. कलश जिवबाच्या हाती दिला, तो देवीकडं धावत गेला, दम्यासकट. थोड्या वेळानं खालून देवळाची घंटा ऐकू आली. नळ मी सोडला होता, पण या वेळी चावीवर हात भावजींचा होता. ठकूचा हंडा, सुनेची कळशी, एकामागून एक भांडी सरकत होती. खालच्या आळीतल्या बायासुद्धा बघायला आल्या होत्या. कुणी मला जागा करून दिली, कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला.

सगळ्यात शेवटी भिमाईची घागर. नातवानं तिला हाताला धरून आणलं होतं. घागर भरत आली, काठाला आली, पाणी गळ्यावरून ओघळून तिच्या पायावर पडलं. भिमाई हसली आणि तशीच उभी राहिली, पाय मागं न घेता.

धार तशीच जोरात पडत होती. भावजींनी चावीवरचा हात न हलवता माझ्याकडं बघितलं.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "मोडू का आता?"

मी होकाराची मान हलवली.